तेल न पिणारी चकती

प्रिय अण्णा,

पत्र म्हटलं की तुम्हाला आळस. 'काय हाय ते तोंडानं सांग' म्हणायचात. आता तोंडानं सांगायची सोय तुम्हीच ठेवली नाही, तेव्हा निमूट वाचा. माझा इंधन-सेल चालला, अण्णा! दीड महिना झाला, भट्टीत लालबुंद होऊन बसलाय आणि वीज द्यायलाय. आज सरांनी लॅबमध्ये पेढे वाटले. मी फोन हातात घेतला आणि तुमचा नंबर काढून बसले. काय करणार?

तुम्ही सेलूच्या कापूस जिनिंगमध्ये फिटर, आणि अख्ख्या गल्लीला सांगत फिरायचात, 'माझी अर्चना हैदराबादेत जाळ न करता गॅसची वीज करायलीय.' किती वेळा समजावलं तुम्हाला, की वीज करतो तो सेल, माझं काम फक्त त्याच्या अंगाला टेकणाऱ्या धातूच्या चकतीचं! तिनं सेलमधली वीज गोळा करून बाहेर आणायची, आणि त्याच वेळी गॅसला आरपार वाट द्यायची. म्हणून ती बारीक बारीक छिद्रांची. हे ऐकून तुम्ही काय म्हणालात? 'म्हंजी आमचा तेल पिणारा बुश!' झालं! माझा एवढा अभ्यास तुम्ही एका बुशात, मशीनच्या दांड्याभोवती बसणाऱ्या, छिद्रांत तेल मुरवणाऱ्या कड्यात बसवलात.

राग आला होता मला. खोटं कशाला बोलू?

मग ती दिवाळी. माझे सेल एकामागून एक बंद पडत होते. लोड टाकला की व्होल्टेज धपकन खाली. सरांनी सांगून टाकलं होतं, जूनपर्यंत जमलं नाही तर विषय बदल. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. मी दोन चकत्या पर्समध्ये टाकून घरी आले, तुम्हाला दाखवायला नव्हे, नुसत्या बघत बसायला. एक घासून आरशासारखी केलेली, एक तशीच खडबडीत. तुम्ही चष्मा लावलात, दोन्हींवर अंगठा फिरवलात, आणि मला काही कळायच्या आत खाली पेपर अंथरून आईच्या शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब सोडलंत! खडबडीत चकतीखाली पेपरावर डाग उमटला. आरशासारख्या चकतीवर थेंब तसाच बसून राहिला.

"ही तेल पीत न्हाई, माय," तुम्ही म्हणालात. "घासलीस व्हय हिला? घासल्यावर..."

मी पुढचं बोलूच दिलं नाही. "अण्णा, हे जिनिंग नाही. माझं सॅम्पल खराब केलंत तुम्ही."

तुम्ही फडक्यानं दोन्ही चकत्या पुसल्यात, माझ्या हातात दिल्यात आणि आईला म्हणालात, पोरीला चहा कर. भांडला का नाहीत हो? मॅनेजरचंही न ऐकणारा माणूस, माझ्यापुढे का गप्प बसलात?

फेब्रुवारीत तुम्ही गेलात. तुमचे दिवस झाल्यावर मी परत आले आणि ती आरशासारखी चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सेलला सपाट टेकावी, वीज नीट यावी, म्हणून प्रत्येक चकती मी पॉलिश पेपरवर तासन् तास घासायची. छिद्रं होती कुठं? घासताना धातू पसरून प्रत्येक छिद्रावर झाकण बसलं होतं. गॅस आत जाणार कुठून? तीन वर्षं मीच माझ्या हातानं त्याची वाट बंद करत होते. लय रडले, अण्णा. लॅबमध्ये, सगळ्यांदेखत.

आणि मग तुमचं ते अर्धं वाक्य माझ्या मागेच लागलं. घासल्यावर काय? घासायचं नाही, तर मग करायचं काय? शेवटी तुमच्याबरोबर काम केलेल्या रहीमचाचांना फोन लावला. ते म्हणाले, "बेटा, बुशाला घासत न्हाईत. धारदार हत्यारानं एकदाच कापायचं, मग हात लावायचा न्हाई. तुझ्या बापानंच शिकवलं आमाला." मी नव्या चकत्या वायरकट मशीनवर, ठिणग्या सोडणाऱ्या तारेनं कापून आणल्या आणि तशाच सेलला लावल्या. पहिल्याच खेपेला लोड टाकला आणि व्होल्टेजचा काटा जागचा हलला नाही!

आता आमच्याकडे कुठलीही चकती भट्टीत जायच्या आधी तिच्यावर एक थेंब पडतो, खाली टिपकागद. तेलाचा नाही, स्पिरिटचा. तेल आत मुरून राहतं, तेव्हा सॅम्पल तुम्ही खराब केलंच होतं, ते मी सोडणार नाही! पण या तपासणीचं नाव काय पडलंय माहितेय? अण्णा. 'अण्णा केलं का?' 'ही अण्णात नापास.' लावण्या नावाची आमची एक ज्युनिअर आहे, तेलुगू. त्यांच्यात अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तिची आपली समजूत, माझा कुणी भाऊ मोठा शास्त्रज्ञ आहे. मी सांगितलं, भाऊ नाही, वडील. शास्त्रज्ञ नाही, फिटर. सांगताना माझी मान इतकी ताठ झाली की तुम्ही हसला असतात.

या कामावरच्या लेखात शेवटी आभार मानतात, तिथं तुमचं पूर्ण नाव घातलंय, पुढे 'फिटर, सेलू'. सर म्हणाले, असं कामधंद्यासकट लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, सर, मग आपण पाडू. सर हसले आणि राहू दिलं.

पुढच्या आठवड्यात आई येणार आहे लॅब बघायला. तिला भट्टीपाशी उभी करणार, सगळं दाखवणार. ती काहीतरी म्हणेलच, तिचा तवा नाहीतर तिची भाकरी मधे आणेलच. शब्द देते, अण्णा, मी तोंड घालणार नाही. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबेन.

तुमचीच,
अर्चना