चक्कीच्या काट्यावरची मांजर

बाबा,

आज मांजरीला पिसवांचं औषध लावायचं होतं. मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर पिसवा चढून येतात कशा ते मला कळत नाही, पण आल्या खऱ्या. सोफ्यावर बसलं की घोट्याला चावतात आणि मांजर बिचारी दिवसभर कानामागे कराकरा खाजवत बसते. दुकानात औषधाच्या पाकिटावर वजनाचे टप्पे छापलेले होते, इतक्या किलोपर्यंत ही नळी, त्यापुढे ती. आमच्या बाईसाहेब दिसायला चांगल्या धिप्पाड, पण त्यातलं अंग किती आणि नुसते केस किती हे देव जाणे. म्हणून तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिनं वजन विचारलं. मी म्हटलं, असेल चारेक किलो. तर म्हणते, "असन म्हणून नाई चालत, ताई. काट्यावर ठेवा." हे ऐकलं आणि मला तिथंच रडू फुटलं.

कारण तुम्हीही हेच म्हणाला होतात. मी शाळेत होते, धरमपेठेतल्या गल्लीत आपली पिठाची चक्की होती, आणि उंदरांसाठी म्हणून आणलेलं ते मांजरीचं करडं पिल्लू उंदीर सोडून माझ्याच मागे फिरायचं. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर पिसवा झाल्या. रामटेककडून मामा आला होता, त्याच्या पिशवीत गाईंच्या गोचिडांच्या औषधाची बाटली होती. "दोन थेंब टाकून दे, एक बी पिसू राहत नाई," तो म्हणाला. तुम्ही त्याच्यावर उखडलात. "दोन थेंब म्हणजे काय गा? गाय केवढी, मांजर केवढी! औषध वजनाले असते." आयुष्यभर लोकांचे गहू तोलून दिलेला माणूस तुम्ही. कुणाचं दळण कधी मूठभर कमी भरलं नाही, आणि काट्याला हात लावून कुणी खोटं बोलू शकत नाही अशी तुमची श्रद्धा.

मला ते आता चाललंय असं दिसतं. तुम्ही दळणाचा रिकामा डबा काट्यावर ठेवता, त्याचं वजन आधी घेता, मग मांजरीला आत बसवता. ती बाहेर उडी मारते. तुम्ही परत बसवता. "बस वं बाई, तुह्याच भल्याचं आहे." दळणाला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसताहेत. मग बाटलीवर लिहिलेलं गाईचं प्रमाण आणि मांजरीचं वजन यांचं त्रैराशिक तुम्ही पिठानं पांढऱ्या झालेल्या फळीवर बोटानं मांडता आणि मला म्हणता, "पाय बरं, बरोबर आहे का?" मी बघते. बरोबर असतं. आईच्या कानात औषध टाकायच्या नळीनं तुम्ही मांजरीच्या मानेवर, तिची जीभ पोचणार नाही तिथं, श्वास रोखून थेंब टाकता. इतक्या मायेनं मोजलेलं औषध मी नंतर कुठल्या दवाखान्यातही पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत तिचे कान फडफडायला लागले. मग पाय. मग सगळं अंगच थरथर कापू लागलं आणि तोंडातून लाळ गळायला लागली. तुम्ही चालू चक्की बंद केलीत, तिला मांडीवर घेतलंत, ओल्या फडक्यानं पुसलंत, पुन्हा पुन्हा पुसलंत. ती तुमच्या मांडीवरच गेली. मी रडत होते, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघत होतात. "हात हालला माहा," तुम्ही म्हणालात. "एखादा थेंब जास्त पडला असन."

तो थेंब तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाही, बाबा. चक्की चालवलीत, तोललंत, पण औषध म्हणून कुणाला दिलं नाही. आईला ताप आला तरी चमच्यात औषध ओतायला मला हाक मारायचात. माझी मुलगी पोटदुखीनं रडत होती तेव्हा ग्राईप वॉटरची बाटली हातात धरून तुम्ही दारात उभे राहिलात, मी आंघोळीहून येईपर्यंत. मी चिडले तर म्हणालात, "माह्या हाताचा भरवसा नाई वं." आम्ही हसायचो. वय झालं म्हणायचो.

तर त्या पोरीनं मांजरीचं वजन केलं, ते माझ्या अंदाजापेक्षा बरंच कमी भरलं, त्या हिशेबानं लहान नळी दिली. मोठी आणून अर्धी वापरू नका म्हणाली. आणि निघताना, अगदी सहज: "घरात कुत्रा असन तर त्याचं औषध हिले लावू नका हं. काही औषधं मांजरीच्या अंगात जिरतच नाई, विष होते त्यायचं." मी विचारलं, आणि गाईच्या गोचिडांचं? "ते तर नाईच नाई." मी विचारलं, अगदी वजनानं मोजून लावलं तर? तिला वाटलं असेल बाई चक्रम आहे. "मोजून लावलं तरी नाई, ताई. प्रश्न मापाचा नाईच आहे."

घरी येऊन मी मांजरीच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि औषध लावलं. मग खाली बसून खूप रडले. प्रश्न मापाचा नव्हताच, बाबा. तुमचा हात हलला नव्हता. थेंब जास्त पडला नव्हता. इतकी वर्षं तुम्ही एका चांगल्या हाताला विनाकारण शिक्षा केलीत.

हे तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले. पण लिहिता लिहिता तुमचा चेहरा दिसायला लागला. तुम्ही विचारलं असतं, "मंग मेली काहून?" आणि मला सांगावं लागलं असतं की कमी टाकलं असतं तरी ते विषच होतं, श्वास रोखून तुम्ही विषच मोजत होतात. हात हलला तर माणूस त्याची माफी तरी मागू शकतो. एवढ्या काळजीचं तुम्ही काय केलं असतं? खरं सांगू, बाबा? तुम्ही आज समोर बसला असतात, तरी मी हे तुम्हाला सांगितलं नसतं.