न झिजलेल्या टायरांची वॉरंटी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे ज्याला तू अजूनही चारचौघांत ‘जपून’ अशी हाक मारतेस त्याचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. आठवडाभर टायरांकडे ओणवं होऊन बघतो आहे, कंबर सरळ व्हायला तयार नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून मध्ये थांबतेस का? सामानाची बांधाबांध एकटीने करू नकोस, काचेची भांडी कपड्यात गुंडाळ, जपून. इकडे मी आणि तुझी भावजय मजेत आहोत. दरवेळी या ओळीत ‘गाडीही छान आहे’ असं मी लिहितो, पण या वेळी हात धजत नाही.

तुझं पत्र मिळालं. घर विकलं, एक तारखेला किल्ली द्यायची आणि मग तू मुलाकडे राहायला जाणार, हे वाचलं. त्याआधी आईचं शिवणयंत्र घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकीन, ही तुझी धमकीही वाचली. आणि तळाला बारीक अक्षरात लिहिलंस, ‘सहा वर्षं टायर झिजतील म्हणून आला नाहीस. झिजू देत. मी नवे घेऊन देईन. पण ये.’ ताई, मला हल्ली चष्म्याशिवाय पाटीसुद्धा वाचता येत नाही, पण ती ओळ वाचता आली. म्हणून आधीच ठणकावून सांगतो, मी येणार. एक तारखेच्या आत येणार, स्वतःच्या गाडीतून येणार आणि यंत्र घेऊनच परत जाणार. मधल्या काळात भंगारवाला दारात आला तर त्याला पाणी पाज आणि वाटेला लाव. आता एवढं सगळं ठरलेलं असताना मी अजून निघालो का नाही, ते सविस्तर सांगतो. तुझा राग गेला नाही तरी निदान माझ्यावरून उठून टायर कंपनीवर जाऊन बसेल.

तुला आठवत असेल, गाडी घेतली ती मुळात ते यंत्र आणायलाच. उंच, दणकट, मागची सीट पाडली की यंत्र त्याच्या लोखंडी पायांसकट आत जाईल अशी. विकणाऱ्याने टायरांवर थाप मारून सांगितलं, ऐंशी हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, डोळे मिटून घ्या. आता मी पडलो बाइंडर. जन्मभर लोकांची फाटलेली, उसवलेली, पाठ मोडलेली पुस्तकं माझ्या टेबलावर येऊन पडतात. वस्तू वापरली की वाट लागते, हे मला कुणी वेगळं शिकवायला नको. (कपाटातून कधी बाहेरच न आलेलं पुस्तक बघ, शंभर वर्षांनी उघडलं तरी शिवण जशीच्या तशी.) मी तिथल्या तिथे ठरवलं की हे टायर आपण जन्मभर पुरवायचे, जमलं तर पुढच्या पिढीला ठेवायचे. तेव्हापासून गाडी खोळीत. आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत न्यायची आणि आणायची, तेही बॅटरी उतरू नये म्हणून. तुझी भावजय माहेरी बसने जायची. तुझ्याकडे यायचा बेत प्रत्येक सुट्टीत ठरायचा आणि प्रत्येक सुट्टीत मी टायरांच्या नक्षीवरून बोट फिरवून म्हणायचो, अजून थोडं थांबू.

नुसती खोळ घालून मी थांबलो नाही हो! चामड्याच्या बांधणीला अधूनमधून तेलाचा हात फिरवला की चामडं तडकत नाही, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. मी विचार केला, रबर म्हणजे तरी काय, झाडाचं चामडंच. म्हणून दर रविवारी चारही टायरांना आणि पाचव्या, स्टेपनीच्या टायरला मशीनच्या तेलाने मालिश. असे काळेभोर चमकायचे की येणाराजाणारा थबकायचा. समोरचा ट्रकवाला (माझ्या कागदाची रिमं तोच आणतो) बघून हसायचा. त्याच्या ट्रकचे टायर वर्ष-दीड वर्षात गुळगुळीत होतात, मग तो त्यांच्यावर नवं रबर चढवून घेतो, तेही झिजवतो आणि पुन्हा दात काढून हसतो. मला त्या माणसाची दया यायची.

गेल्या महिन्यात तुझी भावजय म्हणाली, गाडी थडथडते. मी म्हटलं, अगं, उभी गाडी थडथडेल कशी? ती म्हणाली, मला ऐकू येतं. बायकांचे कान तिखट असतात म्हणून मी सोडून दिलं. पण तिने पिच्छाच पुरवला. तेव्हा एकदा भिंग घेऊन खाली बसलो आणि ताई, बघतो तर काय. नक्षी शाबूत, एक रेघही कमी नाही आणि टायरांच्या बाजूंना जिकडे तिकडे भेगा! थंडीत टाचा फुटतात तशा. त्याच दिवशी तुझं पत्र आलं. तुझ्या भावजयीने ते वाचलं, भेगा बघितल्या आणि निकाल दिला: या टायरांवर वन्संकडे जायचं नाही, रस्त्यात फुटले तर यंत्र राहील बाजूला, आपल्यालाच कुणीतरी भरून न्यायला लागेल. नवे टायर घाला आणि लगेच निघू. मी म्हटलं, नवे घालू, पण विकत कशाला? वॉरंटी कशासाठी असते?

झालं, मी हट्टाला पेटलो. ट्रकवाल्याच्या मदतीने एक टायर काढला, त्याच्या ट्रकमध्ये घातला आणि कंपनीच्या दुकानात घेऊन गेलो. तिथे काचेच्या केबिनमध्ये एक वॉरंटीवाला बसतो. टाय लावलेला, कमालीचा गोड बोलणारा, आणि दर वाक्याला मला ‘काका’ म्हणणारा. (माझे केस पांढरे आहेत ते खळीमुळे, हे त्याला कोण सांगणार.) तो म्हणाला, काका, सुटा टायर चालत नाही, गाडी घेऊन या. म्हणजे टायर परत आणा, परत बसवा आणि गाडी शहराच्या त्या टोकाला न्या! माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण तुझी भावजय म्हणाली, तुम्ही बसने पुढे व्हा, गाडीचं मी बघते. मी पोचतो तर गाडी दुकानासमोर दोन गाड्यांच्या मधोमध नीट उभी, आणि ही ड्रायव्हरच्या सीटवर काच खाली करून बसलेली. ट्रकवाल्याने आणून लावली असणार, दुसरं कोण? मी म्हटलं, अगं, मागे बस की, ऐसपैस आहे. तर म्हणते, इथे वारा येतो.

वॉरंटीवाल्याने टायरांभोवती एक चक्कर मारली, वास घेतला, बोट पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळा आठवली. मग एकेक भानगड बाहेर पडायला लागली. वॉरंटी किलोमीटरची होती हे खरं, पण ‘किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते.’ पाच वर्षं कधीच उलटली. शिवाय वॉरंटी झिजण्याची होती, आणि हे झिजलेलेच नाहीत. शिवाय ठरावीक अंतरानंतर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून घ्यायचे असतात, त्याच्या पावत्या? (मी म्हटलं, अहो, ते कुठे गेलेच नाहीत तर जागा कशाला बदलू?) शिवाय गाडी एकाच जागी उभी राहिली की टायर खालून चपटे होतात, उन्हातान्हाने रबर आपोआप म्हातारं होतं, चालवा नाहीतर नका चालवू. आणि सगळ्यात शेवटी, काका, रबराला तेल म्हणजे विष. सहा वर्षं प्रेमाने मालिश केली गं मी! इतकं वाईट मला माझं पहिलं पुस्तक उलटं शिवलं गेलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण मी ऐकून घेणारा नाही. मी म्हटलं, ऐंशी हजार किलोमीटर देतो म्हणालात, मी हे एवढेसे वापरले, उरलेले माझे मला परत द्या. त्यावर त्याने आत डोकावून मीटर बघितलं आणि म्हणाला, काका, एवढेसे कुठे, बरेच झालेत की. ताई, दूध केंद्राच्या फेऱ्या मी दहादा धरल्या तरी त्या आकड्याच्या जवळपास जाईनात! म्हणजे कंपनीचं मीटरसुद्धा खोटं. मी तिथेच आवाज चढवला. तुझी भावजय मात्र खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन तिथे जाऊन बसायला लागलो. ते दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर. बाहेरच्या बाकावर टायरांचं एक माहितीपुस्तक होतं, पानं सुटलेली. बघवेना. सुईदोरा खिशात होताच, शिवून टाकलं. मग आतली आणखी दोन शिवली. मालकाने चहा पाठवला, वॉरंटीवाला माझ्या शेजारी बसून स्वतःच्या बदलीचं दुःख सांगायला लागला, पण नियमावरून कुणी तसूभर हललं नाही. मीही नाही हललो. काल संध्याकाळी घरी आलो तर तुझी भावजय दारातच उभी. म्हणाली, “सहा वर्षं तुमचे टायर वाचावेत म्हणून मी स्टँडवर उभी राहिले, माझ्या चपलांची वॉरंटी कुठे मागू? आणि वन्सं काय टायरांची वाट बघताहेत का?” मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, “एक तारखेनंतर तुमचं तत्त्व त्या घराच्या बंद दाराला ऐकवा.” आणि जेवायला वाढून आत निघून गेली.

जेवण गेलं नाही. बसल्या बसल्या तुझी सायकल आठवली. मला मागे बसवून शाळेत न्यायचीस ती. दोन्ही टायर गुळगुळीत, ठिगळावर ठिगळ, पंक्चर झालं की मला वर बसवून ढकलत न्यायचीस. टायर झिजतील म्हणून एक दिवस ‘आज चालत जा’ म्हणाली नाहीस. सुट्टीत मला शिकवताना सीट धरून मागे पळायचीस आणि मी ओरडायचो, “ताई, सोडू नकोस!” तू म्हणायचीस, “धरलंय, बघ पुढे.” फार आठवण आली तुझी. म्हणून हे पत्र. आता काहीही झालं तरी येतो आहे, यात बदल नाही. भावजींच्या फोटोला आणि घराच्या उंबऱ्याला माझा नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
जपून

ता. क. : वॉरंटीचा निकाल आज लागला. कंपनीने नम्रपणे नकार दिला आणि पुस्तकं शिवल्याबद्दल हवेच्या नळीची चार टोपणं सप्रेम भेट दिली. टोपणांना वॉरंटी नाही, मी विचारलं.

ता. क. २ : नवे टायर विकतच घेतले. ऐंशी हजारांचेच आहेत. तेलाचा डबा तुझ्या भावजयीने लपवला आहे.

ता. क. ३ : आता मुद्द्याचं. हे वाचून झालं की कुणाला दाखवू नकोस. टायर नवे आहेत, जुने असते तरी एक वेळ आलो असतो, पण ताई, मला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटते. पहिल्याच आठवड्यात एक ट्रक शेजारून गेला आणि माझे हातपाय गळाले. तेव्हापासून टायरांचं नाव पुढे करतो आहे. हिला यातलं काही ठाऊक नाही. तेव्हा एवढंच कर, गुडघ्यांना पट्टे बांध आणि बसने इकडे ये. मग माझ्या शेजारच्या सीटवर बस, आपण दोघं मिळून तुझ्याकडे जाऊ. तुला चालवता येत नाही, माहीत आहे. तू नुसतं ‘धरलंय’ म्हण.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी लिहिते. तुम्ही बसने मुळीच येऊ नका, गुडघ्यांना त्रास होईल. हे सहा वर्षं घाबरताहेत ते मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. म्हणून ट्रकवाल्याच्या बायकोकडून मी गाडी शिकले. हे त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात गेले की आम्ही दोघी मोठ्या रस्त्याने पार टेकडीपर्यंत जाऊन येतो, मीटर खोटं नाही. शुक्रवारी सकाळी निघतो, दुपारी तुमच्या दारात. यांना शेजारी बसवते. ट्रक आला की मी म्हणेन, “धरलंय, बघा पुढे.” तेलाचा डबा बरोबर आणते आहे, सासूबाईंच्या यंत्राला लागेल.