कॅरव्हॅनमधली ठोकाठोक

३ मार्च २००७, शनिवार

आज मी कॅरव्हॅन विकत घेतली! उद्गारचिन्ह मुद्दाम दिलंय. सेहेचाळीस वर्षांत मी स्वतःसाठी विकत घेतलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे बजाजची स्कूटर होती.

सिंगापूरला येऊन मला सात आठवडे झाले. सोमवार ते शुक्रवार वन-नॉर्थचं ऑफिस आणि बुओना व्हिस्टाची भाड्याची खोली. शनिवार-रविवार काय करायचं, हा प्रश्न आज सुटला. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, क्रांजी, तिथून मिनीबस आणि मग दहा मिनिटं चालत एक शेत. शेत म्हणजे शोभेच्या माशांची तळी, कडेला नारळ आणि एक पत्र्याचं घर. मालकीण कोह आंटी बहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या आवारातल्या आंब्याखाली ही उभी होती. ब्रिटिश कुटुंबं सिंगापूर सोडून गेली तेव्हा त्यांतल्या एकाकडून आंटींच्या नवऱ्याने ती घेतली होती म्हणे. गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, लाकडी सांगाडा, वर अॅल्युमिनियमचा पत्रा, चारही बाजूंनी गळकी, चाकं मातीत रुतलेली. रस्त्यावर ती कधीच येणार नाही, पण मला ती कुठे न्यायचीच नाहीये. आंब्याखालीच राहील आणि आम्ही सुट्टीच्या दिवशी येऊ. आंटींना चालणार आहे.

मे महिन्यात माझी बायको नंदा आणि मुलगी जाई पुण्याहून दहा दिवसांसाठी येतील. इथे राहायचं की पुणंच बरं, हे नंदा त्या दहा दिवसांत ठरवणार आहे. तोवर ही नवीकोरी झालेली हवी. माझी अर्धवट राहिलेली कामं नंदाला तोंडपाठ आहेत, त्यात आणखी एकाची भर नको.

आंटींनी किंमत इतकी कमी सांगितली की घासाघीस करायला जीभ रेटेना. त्यांनी एकच विचारलं, आवाज होईल ना? हातोडी, करवत वगैरे? मी म्हटलं, होईल हो, माफ करा. त्या म्हणाल्या, नाही नाही, होऊ दे, आवाज असला की बरं वाटतं.

४ मार्च, रविवार

दिवसभर सफाई. दोन पोती कचरा, एक मेलेली पाल, चिनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा. आंटींचा जीव प्रेमळ आहे. सकाळी पोचलो तर कॅरव्हॅनच्या पायरीवर ग्लासभर काळी कॉफी ठेवलेली, गोड, कडक, वर बशी झाकलेली. एका दमात संपवली. रिकामा ग्लास नेऊन दिला तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी थँक्यू म्हटलं, त्यांनी मान हलवली.

१० मार्च, शनिवार

प्रकाश गाडी घेऊन आला. हा माझा रुइयातला वर्गमित्र. बारा वर्षांपासून इथे एका बँकेत आहे आणि आता पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासीही झालाय. आम्ही प्लायवुड, सीलंट, स्क्रूची पाकिटं असं सगळं आणलं. पहारीने जुनी जमीन उखडली. खालचे वासे निम्मे कुजले होते, पण वाळवी नाही, हे नशीब.

एक गंमत झाली. मी खिळा ठोकत होतो, तीन ठोके मारून थांबलो आणि चौथा ऐकू आला. प्रकाश म्हणाला, पत्रा आहे, घुमतो. आंटींची कॉफी आजही होती. दोघांनी अर्धी अर्धी प्यायली.

१८ मार्च, रविवार

दाराचं काम. दाराला बाहेरून एक मोठी कडी होती, ती काढून टाकली. आतून पाहिलं तर अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, प्लायवुडला खळगे पडलेत. पंचवीस-तीस असतील, सगळे एकाच जागी. जड काहीतरी पुन्हा पुन्हा आपटल्यासारखे. पण इतक्या खाली? उभ्या माणसाला तिथे मारायचं तर वाकावं लागेल. बसल्या माणसालाही. मी जमिनीवर आडवा होऊन पाहिलं. उजवा हात बरोबर तिथे पोचतो.

असो. दाराला आतून नवं प्लायवुड मारलं. सुंदर दिसतंय.

३१ मार्च, शनिवार

छताचा झरोका कायमचा बंद केला, चारही बाजूंनी स्क्रू आणि वर सीलंट. गळती थांबली. दोन खिडक्यांची तावदानं फुटलेली होती. नवी परवडत नाहीत, म्हणून त्या जागी बाहेरून पत्रा मारून टाकला. आता मागची एकच खिडकी उरली, तळ्याच्या कुंपणाकडची. तिचं जाड प्लास्टिक चांगलं आहे. तीही सीलंटने पक्की केली. उघडत नाही, पण उजेड येतो. उघडायला दार आहेच.

दुपारी आंब्याखाली डबा खात होतो. ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमधला भात, चांगला होता. आणि कॅरव्हॅनच्या आत कोणीतरी ठोकत होतं. जोरात नाही. ठक. थांबून, ठक. मला वाटलं ऊन तापलं की पत्रा वाजतो, तसं असेल. आंटी समोरच तळ्यातलं शेवाळ काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण त्यांचा हात थांबला होता. ठोकणं थांबेपर्यंत थांबला होता.

आत जाऊन पाहिलं. नव्या प्लायवुडवर, खाली, वीतभर उंचीवर, एक खळगा.

७ एप्रिल, शनिवार

प्रकाशने यायचं बंद केलं. फोनवर आधी कामाचं कारण दिलं, मग खोदून विचारल्यावर बोलला. मागच्या वेळी मी घाम पुसायला तळ्यावर गेलो होतो. मी आतच आहे असं समजून त्याने दारावर टकटक केली, तर आतून टकटक आली. त्याने दार उघडलं. आत कोणी नव्हतं, पण जमिनीवर दाराशी ओल होती, माणूस कुशीवर पडावा एवढी. तो म्हणाला, निशिकांत, तू शहाणा असशील तर सोडून दे ते खटारं. मी म्हटलं, पाणी मुरतंय कुठूनतरी, शोधतो.

ओल मीही पाहिली आहे. तीन वेळा पुसली आहे. हे त्याला सांगितलं नाही.

१५ एप्रिल, रविवार

भर दुपारी, लख्ख उन्हात, मी स्वतःलाच हसत दार बाहेरून तीनदा वाजवलं.

बराच वेळ काही नाही.

मग खालून, दाराच्या अगदी तळाशी, तीन ठोके. सावकाश. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे इतका वेळ गेला की वाटलं, जमत नाहीये त्याला.

त्याला. काय लिहिलं मी हे.

२१ एप्रिल, शनिवार

आंटींना सरळ विचारलं. त्यांना बहुतेक केव्हाचं कोणीतरी विचारायला हवं होतं. हातातली जाळी खाली ठेवून त्या बांधावर बसल्या आणि आपल्या तुटक इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.

आठ वर्षांपूर्वी नवरा-बायकोचं भांडण झालं. कशावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. तो उठून कॅरव्हॅनमध्ये राहायला गेला. तसा हाताला चैन नसलेला माणूस, सतत काहीतरी ठोकत बसायचा. एका गुरुवारी सकाळी आतून ठोकणं सुरू झालं. त्यांना वाटलं, करतोय काहीतरी काम. दिवसभर चाललं. शुक्रवारीही चाललं. त्याला आत असतानाच अर्धांगाचा झटका आला होता, तो दाराशी पडला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि एकच हात चालत होता.

मी म्हटलं, आंटी, तुम्हाला कसं कळणार होतं? समजूत घालावी म्हणून म्हटलं.

त्या म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी कळलं होतं. काम करणारा माणूस असं ठोकत नाही. मला कळलं होतं. पण रागात होते. म्हटलं, येऊ दे त्याला बाहेर, मी नाही जायची. शनिवारी आवाज थांबला. रविवारी मी दार उघडलं.

मी कॉफीचं विचारलं. ती त्याचीच. आठ वर्षं रोज ठेवतात आणि संध्याकाळी ओततात. मी प्यायला लागलो तेव्हा त्यांना थांबवावंसं वाटलं नाही, ग्लास रिकामा मिळाला की बरं वाटायचं.

आणि मग म्हणाल्या, तू ठोकत असलास की मला ठरवावं लागत नाही कोण ठोकतंय. म्हणून दिली तुला.

मी घरी आलो. पुन्हा जाणार नाही.

२८ एप्रिल, शनिवार

गेलो.

गुरुवारी नंदाचा फोन आला. मी काहीतरी दुरुस्त करतोय हे प्रकाशच्या बायकोने तिला सांगून टाकलं होतं. नंदा इतकी खूश कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. म्हणाली, जाई मैत्रिणींना सांगत फिरतेय, बाबांनी चाकांचं घर केलंय. तिने स्वतः पडद्यांचं कापड घेऊन शिवायला टाकलंय, पिवळं. मी काय सांगणार होतो?

आठवडाच राहिलाय. दहा दिवसांपैकी एक दिवस दाखवायची, चहा प्यायचा आणि मग प्रकाश म्हणतो तसं सोडून द्यायची. भिंती झाल्या, जमीन झाली, आतला रंग तेवढा राहिलाय. दार सतत उघडं ठेवतो, दगड लावून. पायरीवरच्या कॉफीला हात लावत नाही.

१ मे, मंगळवार

कामगार दिनाची सुट्टी. रंगाचा पहिला हात झाला.

ठोकणं बदललंय. आधी ते — कसं सांगू — विनवणी केल्यासारखं होतं. आता तसं नाही. मी खिळा कसा मारतो? आधी दोन हलके, खिळा धरण्यापुरते, मग एक जोरात. टक टक ठक. आज मी ब्रश धुवायला बाहेर आलो आणि आतून आलं — टक टक ठक. टक टक ठक. अगदी माझ्या हाताचं. इतके आठवडे ऐकून शिकलंय.

आंटी तळ्यावर होत्या. आज त्यांचा हात थांबला नाही. त्यांना वाटलं, मीच आहे.

५ मे, शनिवार

नंदा-जाई परवा आल्या. ईस्ट कोस्टला नेलं. जाईने सायकल चालवली. नंदा समुद्राकडे बघत म्हणाली, इथे जमेल बहुतेक. किती दिवसांनी माझा हात धरला तिने.

उद्या क्रांजी. रंगाचा शेवटचा हात दाराला आतून द्यायचाय, तासाभराचं काम. की नेऊच नये? सांगावं का तिला? काय सांगू — अर्धवट सोडलं म्हणून? नाही. तास. एकच तास.

६ मे, रविवार

आत आहे. दार बंद झालंय.

रंगासाठी आतली मूठ काढली होती. दगड लावलेला होता. वारा नव्हता. दार ओढलं गेलं — बाहेरून कोणी नव्हतं — आतून ओढलं गेलं. बाहेरची मूठ निखळून पायरीवर पडली. पान्याची पेटी बाहेर. फोन बाहेर, डब्याजवळ. माझ्याकडे ब्रश आहे आणि कामाची ही वही, पेन्सिल.

मुठीच्या भोकात ब्रशचा दांडा घालून फिरवला. मोडला.

भोकातून दिसतं. आंब्याखाली नंदा, जाई, आंटी. पंचवीस पावलं असतील. हाका मारल्या. प्रत्येक हाकेवर — टक टक ठक. माझ्या पायाशी. मी ओरडलो की जोरात, मी थांबलो की हलकं.

अकरा वाजून गेले. पत्रा तापलाय. वरचा झरोका मीच बंद केला. खिडकीवर बुक्क्या मारल्या, लाथा मारल्या. प्लास्टिक वाकतं, फुटत नाही. बाहेर त्याचाही आवाज ठोकल्यासारखाच जात असणार.

घाम येत होता. आता येत नाहीये.

वहीचं पान फाडून लिहिलं — नंदा, दार उघड, अडकलोय — गुंडाळी करून भोकातून ढकललं. पायरीवर पडलं. जाई उठली. इकडे यायला निघाली — नंदाने तिला मागे ओढलं. ऐकू आलं मला. बाबांना काम पुरं करू दे, मधे जाऊ नकोस.

आंटी उठल्या. येतायत. त्यांना कळतंय. चेहऱ्यावरून सांगतो, त्यांना कळलंय. पायरीपाशी आल्या. मी भोकाला तोंड लावून आंटी, आंटी म्हणतोय — टक टक ठक, टक टक ठक —

कागद उचलला. मराठी. त्यांना वाचता येणार नाही. नंदाला द्या. नंदाला —

खिशात ठेवला.

परत जाऊन बसल्या. नंदाने काहीतरी विचारलं. आंटी हसून काहीतरी म्हणाल्या. नंदा थर्मासमधून चहा ओततेय.

जमिनीवर बसलोय. बसवत नाही. आडवा. ओल गार लागतेय. माझ्या शेजारी कोणीतरी

नंदा इकडे बघतेय. भोकातून नाही, दाराखालच्या फटीतून दिसतेय. हसली. हात हलवला. आवाज ऐकून खूश आहे ती. एका हातात वही आहे माझ्या, दुसऱ्यात पेन्सिल. दोन्ही हात — मी नाही ठोकत. नंदा, मी नाही ठोक