दुसरं घड्याळ

दिनांक ९ मार्च

ताई,

नमस्कार. तुमचं पार्सल गेल्या महिन्यात पोचलं. उत्तराला उशीर झाला, राग धरू नका. इकडे लिलावाचा हंगाम आहे. त्यात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन आठवडे भिंग लावायला मनाई केली. आता स्वच्छ दिसतं. बायकोचे गुडघे कुरकुरतात, जिना चढवत नाही, बाकी घरी ठीक.

आबा गेल्याचं मला आधीच कळलं होतं. तुमच्या दुकानासमोरच्या चष्मेवाल्याने फोन केला होता. त्या दिवशी मला काही काम नव्हतं. तरी आलो नाही.

तुम्ही लिहिलंय, शेवटच्या आठवड्यात आबा म्हणाले, "हाताखालून पुष्कळ गेले, पण तोंडावर खरं सांगणारा एकच निघाला. घड्याळ त्याला द्या." आणि तुम्ही ते कापसात गुंडाळून, वर माझे आभार मानून पाठवलंत. डबी मी त्याच दिवशी उघडली. पत्राचं मात्र आज जमतंय.

नऊ वर्षं मी तुमच्या घरी राहून शिकलो. आबा घड्याळ रुमालात गुंडाळून हातात द्यायचे. न बघता वजन सांगायचं, चाल ऐकायची, मग बोलायचं. एकदा माझं चुकलं, तर जेवताना सबंध वेळ ते घड्याळ कानाशी धरायला लावलं. तुम्ही वाढता वाढता म्हणालात, "आबा, त्याला निदान पाणी तरी पिऊ द्या." आबा हसले नाहीत. मीही नाही. पण पुन्हा ती चूक झाली नाही. आज लोक माझं मत विचारायला परदेशातून येतात, ते त्या रुमालामुळे.

सहा वर्षांपूर्वी आबांनी मला बोलावून घेतलं, तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. दुकानाच्या मागच्या खोलीत धंद्यातले चौघे बसले होते. तुम्ही चहा आणलात. आबांनी घड्याळ पुढे ठेवलं आणि मला म्हणाले, मी सांगत नाही, तू सांग. एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या सामानात त्यांना ते मिळालं होतं. कळ सरकवली की तास, पाव तास आणि मिनिटं वेगवेगळ्या सुरांत ठोके देऊन सांगणारं, एकट्याने काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराच्या हातचं. त्याने मोजकीच घड्याळं केली आणि त्याचा कारखाना जळाला, एवढं धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यांतलं एकच उरलंय, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ते मी सांगितलेलं आहे. मी पस्तिशीत असताना एका संग्राहकाकडे ते ओळखलं आणि 'जगात एकमेव' असं लिहून दिलं. त्या दोन शब्दांवर माझं नाव झालं, नोकरी लागली, हे घर झालं.

मी भिंग लावलं. तबकडीवरचा चांदीचा मुलामा मूळचा होता. बाहेरच्या केसवरचा आकडा आणि आतल्या यंत्रावरचा आकडा एकच होता. तबकडीखाली त्या कारागिराची बारीक खूण होती. मला पुरती दोन मिनिटंही लागली नाहीत, पण मी दहा मिनिटं बघत राहिलो. मग म्हणालो, "आबा, हे जोडलेलं आहे. यंत्र एकाचं, केस दुसऱ्याची. आकडा मागाहून कोरलाय. मुलामाही नवा."

ते चौघे खाली बघायला लागले. आबांनी एवढंच विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला असता तर कदाचित मी डगमगलो असतो. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्या चौघांना म्हणाले, याची नजर माझ्या पुढे गेली. जिन्यात तुम्ही मला गाठलंत आणि नीट पाहिलंत ना, असं विचारलंत. मी तुमच्यावर खेकसलो. "ताई, हे तुमचं काम नाही," म्हणालो. तुम्ही माफी मागितलीत.

पुढचं मला तुमच्या पत्रातून कळलं. आबांनी त्यानंतर कुठल्याच घड्याळावर मत दिलं नाही. जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवून, "माझ्या शब्दावर घेतलेलं परत आणा," म्हणून सांगितलं. परत घेतलेली घड्याळं मोडीत काढली, त्यापायी राहतं घर गेलं आणि तुम्ही दोघं दुकानाच्या माळ्यावर आलात. त्या मोडीतली चार फिरत फिरत आमच्या लिलावात आली. चारही अस्सल होती. तसं मीच लिहून दिलं.

आणि हे घड्याळ ते रोज उघडायचे, असं तुम्ही लिहिता. खालचा जुना थर दिसेल म्हणून तबकडी घासली, तर पितळ लागलं. आधीचा आकडा सापडेल म्हणून केस खरवडली, तिथे आता खड्डा आहे. हात कापत असताना यंत्रही सुटं केलं. त्यातले तीन भाग डबीत नाहीत, आणि तसे भाग आता कुणी करत नाही. ते म्हणायचे ना, "खोट आहे आणि मला दिसत नाही, म्हणजे मी संपलो"? खोट नव्हतीच, ताई. त्यांना बरोबर दिसत होतं.

हे आता सांगून काय साधणार, असं तुम्ही विचाराल. तुमचं काहीच नाही. माझं थोडं साधेल. सहा वर्षं मी निवांत झोपलो, पण तुमच्या आभारांचं ओझं मला पेलेना. तुम्ही मला भला माणूस समजत राहावं, हे मला सोसत नाही. त्यापेक्षा तुमची झोप गेलेली चालेल. वाईट वाटेल तुम्हाला, पण मी असाच आहे, आणि आबांना तेवढं एक ओळखता आलं नाही.

हे तुम्ही चारचौघांत बोललात तरी घड्याळात आता पुरावा उरलेला नाही. लोक खरंखोटं विचारायला शेवटी माझ्याकडेच येतील, आणि मी सहा वर्षांपूर्वीचंच उत्तर देईन. परवा संग्राहकाच्या मुलाने त्या पहिल्या घड्याळाचा दाखला नवा करून मागितला. 'जगात एकमेव' असं लिहून दिलं. या वेळी ते खरं होतं.

डबी परत पाठवत नाही. तुम्ही ती नुसती बघत बसाल.

तब्येतीला जपा. हे पत्र टाइप केलेलं आहे आणि खाली सही नाही, हे तुमच्या लक्षात येईलच. माझं पोट सहीवर चालतं.

आपला,