रेलिश, चटनी आणि आल्फची बरणी

५ फेब्रुवारी, गुरुवार

टॅलबिन कृषी मेळा समितीचा मी आजपासून जाहीर निषेध करत आहे. कारण गंभीर आहे. सभेला मी वेळेच्या आधी पोचले आणि डब्यातली चॉकलेटची बिस्किटं संपलेली! उरली होती ती साधी, चहात बुडवली की तळाशी जाऊन बसणारी. अध्यक्ष ऑसीच्या मिशीला चॉकलेट लागलेलं होतं. अशा माणसाच्या हाती आम्ही मेंढ्या, घोडे आणि केक सोपवतो.

निषेध तोंडावरच करणार होते, तेवढ्यात त्याने मला काम दिलं. गेल्या वर्षी रेलिश कशाला म्हणायचं आणि चटनी कशाला, यावरून दोन बायका हॉलच्या पायऱ्यांवर हमरीतुमरीवर आल्या होत्या. म्हणून यंदा स्पर्धेच्या पुस्तिकेत प्रत्येक नावाची व्याख्या हवी.

"कोरल, तू लायब्ररीत बसतेस. दिवसभर तुला काम तरी काय असतं?"

हे त्याचं आमंत्रण! तरी घेतलं. शब्दांना शिस्त लावायची म्हटलं की मी बिस्किटंही विसरते.

९ फेब्रुवारी, सोमवार

जॅम – फळ शिजवून मोडलेलं. कॉन्झर्व्ह – फोडी ओळखू येणारं. जेली – फळ गाळून टाकून नुसता रस. मार्मलेड – संत्र्यालिंबाच्या साली, आणि ते करणाऱ्या बाईचा ताठा.

(शेवटचे शब्द खोडले. नाइलाजाने.)

११ फेब्रुवारी, बुधवार

आज रेलिश, चटनी आणि पिकल या तिघांना धरलं. रेलिश थोडाच वेळ शिजतं, भाजी ओळखू यायला हवी. चटनी तास न् तास रटरटते, सगळं एकजीव होतं. पिकल म्हणजे व्हिनेगरातल्या करकरीत फोडी. झालं! मुंगी निसटणार नाही.

ऑसीचं म्हणणं, "चटनी हिंदुस्थानातून आली ना? मग ती तिखट हवी." त्याला मिरी सोसत नाही.

रात्री जेवताना नेव्हिलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पण शेवटी सगळं चीज सँडविचमध्येच जातं ना?" या माणसाशी मी संसार केला!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आल्फ लायब्ररीत आला होता. त्याची बायको मॅविस वारल्यापासून त्याने हॉलची पायरी चढलेली नाही. टोपी हातात फिरवत बराच वेळ ट्रॅक्टरच्या पुस्तकांपाशी उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "व्हिनेगर किती घालतात गं?"

"कशात?"

"तिच्या हिरव्या टोमॅटोच्या पिकलमध्ये. यंदा मी घालतोय स्पर्धेत. हॉलच्या फळीवरची, खिडकीजवळची तिची जागा रिकामी नको."

"आल्फ, तुम्ही आजवर चहा तरी केलाय का?"

"केलाय. कुत्र्याने प्यायला."

एक पातेलं जळालंय म्हणे. दुसरं मुलीकडून मागवलंय. गडी पबमध्ये हसतायत, पण हा ऐकत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तिका छापून आली. देखणी! पहिल्या पानावर ऑसीचा फोटो, मेंढ्याबरोबर. मेंढा जास्त हुशार दिसतो.

१२ मार्च, गुरुवार

आज दिवसभर हॉलमध्ये बरण्या, केक, स्कोन घेत होते. सगळ्यांच्या बगलेत माझी पुस्तिका. काय ते समाधान!

दारं बंद व्हायला आली तेव्हा आल्फ आला. इस्त्रीचा शर्ट, बोटाला पट्टी. बरणी दोन्ही हातांत धरलेली, तान्हं मूल धरावं तशी. मी उजेडात धरून पाहिली. सुंदर. तपकिरी, दाट, एकजीव.

एकजीव! म्हणजे चटनी.

"आल्फ, ही चटनीच्या वर्गात ठेवू या. तिथे नक्की नंबर आहे."

"पिकल आहे ते."

"पुस्तिकेप्रमाणे –"

"पुस्तिका वाचली मी. छान लिहिलंयस. पण मॅविस याला पिकलच म्हणायची. आमच्या लग्नापासून. इतकी वर्षं परीक्षकही तसंच म्हणत आले. आता ती नाही, म्हणून मी नाव बदलू?"

"ते नियमाबाहेर ठरेल. बरणीवर तसं कार्ड लागेल. सगळं गाव बघेल, आल्फ."

"बघू दे." पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

बरणी खिडकीजवळ ठेवून तो गेला. जाताना तिचं तोंड जरा उजेडाकडे वळवलं.

परीक्षक यायच्या हॅमिल्टनहून – मिसेस फेरियर. केकच्या बुडाला गार करायच्या जाळीचा वळ दिसला तरी मार्क कापणाऱ्या. त्यांना मी काय सांगणार? व्याख्या माझीच. इतकी पक्की करायची काय गरज होती!

धावत घरी जाऊन आले. दार लावायच्या आत परतले.

१३ मार्च, शुक्रवार

मिसेस फेरियर चमचा घेऊन फिरत होत्या, मी मागे कार्डं लिहीत. नावं झाकलेली. आल्फच्या बरणीपाशी थांबल्या. चाखलं. पुन्हा चाखलं.

"उत्कृष्ट चटनी. पण वर्ग पिकलचा. लिहा – नियमाबाहेर."

लिहिलं. अक्षर बिघडलं.

शेजारच्या बरणीपाशी त्या थबकल्या. "हे काय? अंजिराचा जॅम! पिकलमध्ये! कोण हा महाभाग? पुस्तिका उघडूनही बघितली नाही?"

"लोक हल्ली वाचत नाहीत," मी म्हणाले. आणि माझ्याच जॅमसाठी दुसरं कार्ड लिहिलं.

१४ मार्च, शनिवार

कार्डांवरची नावं उघडली आणि गावाला वर्षभराचा खुराक मिळाला. फळीपुढे ही रांग! आल्फच्या बरणीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. "अंजीर, कोरल? अंजिराचं पिकल?" ऑसीने लाउडस्पीकरवर माझी व्याख्या मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा. नेव्हिल म्हणतो, "तुला बरं नाही का?" मी डोळ्यांचा चष्मा, उन्हाळा, वय, सगळ्यांना दोष दिला.

दुपारी आल्फ आला. तिच्या जागेवरची बरणी बघितली. मग शेजारची. खुर्ची ओढून तिथेच बसला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं पिकल बिस्किटावर चाखवत राहिला.

१५ मार्च, रविवार

आल्फ बरणी न्यायला आला. रिकामी होती, पुसून घेतल्यासारखी.

म्हणाला, "तू नवी आली होतीस तेव्हा चौकोनी फ्रूट केकच्या वर्गात गोल केक घेऊन आली होतीस. आठवतं?"

आठवतं. रडत घरीच निघाले होते, तेवढ्यात शेजारी मॅविसचाही गोल केक दिसला, त्यालाही तेच कार्ड. केवढा धीर आला होता, तीसुद्धा चुकते म्हणून!

"जन्मभर केक केले तिने," आल्फ बरणीचं झाकण लावत म्हणाला. "तिला काय गोल आणि चौकोन कळत नव्हता?"

घरी येताना वळसा घातला, चर्चमागच्या दफनभूमीतून. माझं कार्ड तिच्याजवळ ठेवलं. वारा होता, म्हणून वर एक दगड.