मेहुण्यांची सफरचंदं आणि सोन्याचे कण

२ मार्च, सोमवार
बाटलीभर सोन्याच्या पाण्याचा खरा हिशेब: सोनं मोहरीच्या दाण्याएवढं. डिस्टिल्ड पाणी तीन कॅन. फुटलेले फ्लास्क दोन. रुसलेली माणसंही दोनच, एक घरी, एक लॅबमध्ये. पण बाटली उजेडात धरली आणि सगळं वसूल झालं. सोन्याचे कण इतके बारीक झाले की सोनं पिवळं राहतच नाही, माणकासारखं लाल दिसतं. तेच कण एकमेकांना चिकटले की पाणी निळं पडतं. माझी कल्पना अशी की फवारणीचं औषध त्यांना चिकटवतं. फळ धुवायचं, ते धुवण लाल पाण्यात टाकायचं. निळं झालं की फळावर औषध आहे. शेंबड्या पोरालाही कळेल.

१७ तारखेला कमिटीपुढे प्रयोग. जमला तर खोली माझी, नाहीतर इथे झेरॉक्स मशीन बसणार. डायरेक्टरसाहेब जिन्यात हे अगदी हळू बोलत होते, पण माझे कान तिखट.

४ मार्च
काचसामान धुणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, बारा दिवस. जाताना बजावलं की काहीही विसळायचं तर डिस्टिल्ड पाण्यानेच, तीनदा. मी मान डोलावली. बावीस वर्षं नळ्या धुतल्या की माणसाला वाटायला लागतं, आपणच शास्त्रज्ञ.
संकल्प: सगळं स्वतः धुणार. औषधांच्या दुकानात बाटल्या धुऊन वर आलेला माणूस आहे मी.

५ मार्च, दुपारी
शेवटचा कॅन संपत आला. विसळायच्या पाण्याची बाटली नळावर भरून घेतली. फळंही त्यानेच धुवायची. पाणी ते पाणी.

७ मार्च
बाजारातली सहा सफरचंदं तपासली. सहाही वेळा निळं. चहा दोनदा घेतला.

१० मार्च
चाळीसपैकी चाळीस. औषधाचा कणही माझ्या नजरेतून सुटत नाही. चांदीच्या कणांचं मलम पुढच्या वर्षी. एका वेळी एकच धातू. हिला सांगितलं, तर विचारते की एखादं तरी लाल राहिलं का. शिक्षण कितीही असो, शास्त्रीय दृष्टी वेगळीच.

११ मार्च
मेहुण्यांच्या परसात एक झाड आहे. त्यावर आजवर थेंबभरही फवारलं नाही, असं ते येता-जाता ऐकवतात. पिशवीभर सफरचंदं दिली होती, ती तपासली. निळं, तेही गडद. जेवताना सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं की सोनं खोटं बोलत नाही. मेहुणे भरल्या ताटावरून उठले.

१३ मार्च
ही मोजकंच बोलते. मीठ हवं का. दिवा मालवा. भावाचा फोन नाही, हेही माझ्याच खाती. कमिटीनंतर सगळे ताळ्यावर येतील.

१६ मार्च
मावशी हजर. नात झाली. विसळायच्या पाण्याची बाटली उजेडात धरून तोंड वाकडं केलं, मग रॅकमधल्या सगळ्या नळ्या पुन्हा धुतल्या. धुवू दिल्या. त्यांचंही मन राखायला हवं.

१७ मार्च, सकाळी ८
भाषण पाठ. आधी बाजारचं सफरचंद, मग मेहुण्यांचं, लपवलेल्या फवारणीचा नमुना म्हणून. नाव घेणार नाही. मन मोठं ठेवायचं.

संध्याकाळी ६
बाजारचं सफरचंद: लाल. मेहुण्यांचं: लाल. घाईघाईने औषधाची बाटलीच उघडून ओतली. लाल. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले की रंग मात्र सुरेख आहे. मी हवेतला दमटपणा, ट्यूबलाइट आणि त्यांचं अत्तर अशी तीन कारणं दिली. डायरेक्टरसाहेब प्लगपासून दारापर्यंतचं अंतर पावलांनी मोजत होते.
नळ्या गोळा करताना मावशी म्हणाल्या, “साहेब, त्या बाटलीत नळाचं पाणी होतं. मी ओतून दिलं आणि चांगलं भरून ठेवलं.”
योगायोग असणार.

१८ मार्च, सकाळी १०
मशीनचं खोकं दारात आलंय. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. उजेड चांगला आहे. हमाल चहाला गेलेत तेवढ्यात लाल पाण्यात नुसतं नळाचं पाणी घातलं. सफरचंद नाही, औषध नाही.
निळं झालं.
मेहुण्यांच्या झाडावर फवारणी झालेली नाही.