मागच्या चाकाचा समतोल

शनिवार
आजपासून टायरवाल्याकडे जाणं बंद. बाबांच्या मोटरसायकलचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत आणि गुरुवारी त्याच गाडीवरून ते मला मुलाखतीला सोडणार आहेत. शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा! घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि घरच्या गाडीचा टायर बदलायला माणूस शोधायचा? शिकलेलं घरात दिसायला हवं. बाबा म्हणाले, अगं, टायरवाल्याने आपलं काय वाईट केलंय? मी त्यांना स्वावलंबन समजावून सांगितलं. ते मध्येच आंघोळीला गेले.

रविवार, सकाळी
नवे टायर आणले, ते बसवण्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा वेग वाढवून. टायर रिमवरून उचलायला लोखंडी पट्ट्या लागतात. त्या आपल्याकडे नाहीत. पण वाढायचे स्टीलचे चमचे अगदी तसेच आहेत.

रविवार, संध्याकाळी
पुढचं चाक झालं! दोन नखं गेली. साबणाचं पाणी लावलं आणि टायर गपकन आत बसला. काम रंगात आलं की कुठलं हत्यार कुठे ठेवलं याचं भान राहत नाही. जेवताना आईने लांब दांड्याच्या चमच्यावरून घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, धाकटीला विचार. धाकटी म्हणाली, ताई, टायर मी नव्हते बसवत. हिला हल्ली फार बोलायला येतं.

सोमवार
बाबा कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आले. म्हणाले, हँडल थरथरतंय. नवा टायर आहे, रुळायला वेळ लागणारच. बाबांच्या वयाचाही भाग असेल. तसं मी बोलले नाही.

मंगळवार
मागच्या चाकाचा टायर बसवला. पुढचं इतकं सहज बसलं होतं की त्याला बॅलन्सिंगची गरजच वाटली नाही. हे मात्र शास्त्रशुद्ध करायचं. दोन खुर्च्यांवर दांडा आडवा टाकला, त्यात चाक अडकवलं. फिरवून सोडायचं. जड बाजू खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर वजनाची चिकटपट्टी लावायची. चाक दर वेळी त्याच जागी थांबत राहिलं. लावता लावता पट्ट्यांचं पाकीट संपलं. म्हणजे कारखान्यानेच टायर एका बाजूला जड बनवलाय. तक्रारीचा मसुदा दीड पान झाला.
आई म्हणाली, आता आखूड दांड्याचाही चमचा गेला, उद्यापासून पातेलं उपडं करून वाढते. इथे ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न आहे आणि ही चमच्यांत अडकलीय.

बुधवार, दुपारी
धाकटीकडून आणखी पट्ट्या मागवल्या. समतोल साधला! चाक आता कुठेही सोडलं तरी तिथेच थांबतं. डोळे भरून आले. मुलाखतीत पाठ हाच घेणार. विषय : गुरुत्वमध्य.

बुधवार, संध्याकाळी
मागच्या चाकात हवा टिकेना. बाबांनी टायर सोडवला. ट्यूबच्या मागोमाग चमचा बाहेर आला.
धाकटीने टाळ्या वाजवल्या. आई चमचा उलटसुलट करून बघत राहिली आणि काहीतरी बोलणार होती, पण मी आधीच स्पष्ट केलं की समतोल खराच साधला होता, चमच्यासकट. विज्ञान खोटं बोलत नाही. बाबांनी माझ्या सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या आणि ट्यूबला ठिगळ लावून चाक बसवलं.
तक्रारीचा मसुदा ठेवून दिलाय. भाषा चांगली उतरलीय.

गुरुवार, सकाळी पावणेदहा
रस्त्याच्या कडेला, दगडावर बसून. दहा वाजता मुलाखत. शाळा अजून बरीच लांब आहे. कुर्त्याची इस्त्री गेली. पुढच्या चाकात हवा नाही.
आताच आईचा फोन येऊन गेला. पोहोचलात का, हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, काल सापडला तो आखूड दांड्याचा. लांब दांड्याचा अजून सापडायचाय.
फोन स्पीकरवर होता. बाबांनी पुढच्या टायरकडे बघितलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, उशीर का झाला विचारलं तर काय सांगशील?
शिक्षिकेने खोटं कधीच बोलू नये, या मताची मी आहे.
बस चुकली म्हणून सांगणार आहे.